देवघेव वहीतलं पान

पत्र येऊन चार वर्षं होऊन गेली, तरी हळूसरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. निदान अकरा वेळा घेतलं होतं. दर वेळी 'सप्रेम नमस्कार'पर्यंत सगळं सुरळीत व्हायचं आणि पुढच्या ओळीशी गाडी अडायची. मग ते कागदाची नीट चौकोनी घडी घालून तो कचऱ्याच्या डब्यात ठेवायचे. बोळा करून फेकणं त्यांच्या हातून कधी झालं नाही.

हळूसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते एका सरकारी शाळेत ग्रंथपाल होते. वाचनालयात पोरांचा आवाज चढला की ते "हळू, हळू" म्हणायचे, तेही इतक्या हळू आवाजात की पहिल्या बाकापलीकडे ऐकू जात नसे. पोरांनी नाव ठेवलं, शिक्षकांनी ते उचललं आणि बायको, होती तोवर, रागावली की तीसुद्धा "काय हो हळूसर" म्हणायची. आता ती नव्हती. मुलगी दूरच्या शहरात होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. दोन खोल्या होत्या, पुस्तकं होती आणि सकाळचा चहा एक कपच करायचा, हे हाताला अजून नीट शिकवता आलेलं नव्हतं.

पत्र जाड शब्दकोशात ठेवलेलं होतं, अगदी शेवटी, 'ळ'च्या पानात. त्या अक्षराने शब्द सुरूच होत नाहीत, तेव्हा ते पान उघडायला कोण जाणार, असा त्यांचा हिशेब. पण मजकूर त्यांना पाठ होता.

'आदरणीय सर, हे घरी तुमच्याबद्दल फार बोलायचे. दोन गोष्टींसाठी लिहिते आहे. एक म्हणजे यांच्या उशाशी तुमच्या वाचनालयाचं पुस्तक सापडलं, ते परत कसं करू? दुसरी गोष्ट, ते मशीन तुमच्या ताब्यात होतं असं कळलं. हे पडल्यावर ते यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला? मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, लगेच आणलं. लगेच म्हणजे किती?'

'हे' म्हणजे शिट्टीसर. शाळेचे खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, पायात कायम पांढरे बूट आणि आवाज असा, की मैदानावरून हाक मारली तर दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयात कपाटाच्या काचा थरथरायच्या. हळूसरांचं आणि त्यांचं कसं जमलं हे कोडंच होतं. मधल्या सुट्टीत शिट्टीसर डबा घेऊन वर यायचे, वाचनालयात खायला बंदी आहे अशी पाटी लिहिलेली होती तिच्या बरोबर खाली बसायचे आणि म्हणायचे, "द्या काहीतरी, ज्यात पहिल्या पानावर खून असेल. मला धीर नाही."

"तिसऱ्या पानावर आहे, चालेल?"

"चालवून घेऊ. तुमच्यासाठी."

शाळेतलं दुसरं कुणी वर येऊन बसायचं नाही. लोक पुस्तक घ्यायचे, सही करायचे आणि जायचे.

मशीन आलं ते शिट्टीसर पडायच्या वर्षभर आधी. डॉक्टर झालेल्या एका माजी विद्यार्थिनीने शाळेला भेट दिलेलं, टिफिनच्या मोठ्या डब्याएवढं, लालभडक. डिफिब्रिलेटर हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे 'झटक्याचं मशीन' म्हणू लागले. डॉक्टरीणबाईंनी एक दुपारभर शिक्षकांना ते वापरायला शिकवलं. माणूस अचानक कोसळला, हाक मारून उठत नसला, श्वास थांबला असला, तर छाती दाबत राहायची आणि मशीन लावायचं. पुढचं मशीन स्वतःच बोलून सांगतं. जाताना त्या बजावून गेल्या, "भिंतीवर लावा. समोर, उघड्यावर. कुलूप नको."

त्या गेल्यावर मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, काळजी पडली. "पोरं बटणं दाबत बसतील. हळूसर, तुमच्याकडेच ठेवा. तुमच्याकडून तीस वर्षांत पेन्सिल हरवलेली नाही."

हळूसरांना तेव्हा अभिमान वाटला होता. ते आठवलं की आजही त्यांचे कान तापत.

वाचनालयात आलेल्या प्रत्येक वस्तूचं जे व्हायचं तेच त्यांनी मशीनचं केलं. दाखल क्रमांक दिला. जाड खाकी कागदाचं कव्हर घातलं, कडा खळीने चिकटवल्या, वर कापडी पट्टी मारली. लाल रंग दिसेनासा झाला. पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य आकडा. सोबतच्या माहितीपुस्तिकेला वेगळा क्रमांक देऊन ती वेगळ्या कपाटात लावली. आणि मशीन ठेवलं 'संदर्भ – बाहेर नेण्यास मनाई' या कपाटात. कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली कंपासपेटीत, कंपासपेटी टेबलाच्या खणात, खणाची किल्ली खिशात. त्या दिवशी ते घरी गेले ते चांगलं काम केल्याच्या समाधानात.

मग तो दिवस. तिसऱ्या तासाची घंटा दहा चाळीसला व्हायची. घंटा झाली, शिट्टी वाजली आणि मध्येच तुटली. हळूसरांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. थोड्या वेळाने जिन्यावर धावती पावलं आली आणि विज्ञानाच्या बाई दारात उभ्या राहिल्या. एक चप्पल नव्हती.

"सर, मशीन! शिट्टीसर पडलेत, मशीन द्या!"

हळूसर उठले. खिसा, खण, कंपासपेटी, कुलूप. कपाटात पाहतात तर सगळंच खाकी. आकारावरून ओळखावं हे सुचलंच नाही, ते चिठ्ठ्यांवरचे आकडे वाचत गेले. वरच्या खणात नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांनी जड वस्तू खाली हलवल्या होत्या. ते खाली वाकले. मशीन काढलं. ते बाईंच्या हातात द्यायच्या ऐवजी त्यांनी टेबलावर ठेवलं, आणि त्यांचा दुसरा हात वहीकडे गेला.

"सही," ते म्हणाले.

आणि विज्ञानाच्या बाईंनी सही केली. बारा वर्षं त्या टेबलाशी त्या सही करत आल्या होत्या, त्यांचाही हात आपसूक चालला. हळूसरांनी घड्याळाकडे पाहून शेवटच्या रकान्यात वेळ लिहिली. दहा एकोणपन्नास.

त्यांनी खिडकीतून पाहिलं तेव्हा मैदानात माणसांचं कडं झालं होतं आणि कड्याच्या मध्ये दोघंतिघं गुडघ्यावर बसून नखांनी खाकी कागद ओरबाडत होती. हळूसरांची खळ कधी सुटायची नाही. त्यासाठी त्यांची ख्याती होती.

ते खाली पोचले तेव्हा मशीन बोलत होतं. "झटका देण्याची गरज नाही."

"गरज नाही म्हणतंय!" मोठ्या बाई रडत-हसत ओरडल्या. "बरे आहेत! बरे आहेत हो!" मागून कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मशीन पुढे "छाती दाबणे सुरू ठेवा" म्हणालं, ते एकट्या विज्ञानाच्या बाईंनी ऐकलं. त्या दाबत राहिल्या. रुग्णवाहिका आली तोवर आणि त्यानंतरही थोडा वेळ, त्यांचे हात बाजूला करेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. हळूसर एकटेच वाचनालयात आले, दुसऱ्या कपाटातून पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. हृदय असं एकाएकी बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा सुरुवातीची काही मिनिटं ते नुसतं थरथरत असतं. तेवढ्या अवधीत झटका दिला तर ते ताळ्यावर येऊ शकतं. थरथरही थांबली, सगळं निपचित झालं, की झटक्याचा उपयोग नसतो. तेव्हा मशीन म्हणतं, गरज नाही.

पुस्तिका मिटून त्यांनी देवघेव वही उघडली आणि ते पान फाडलं. कोपरा दुमडला म्हणून ज्यांनी पोरांना तास तास उभं केलं, त्यांनी आयुष्यात फाडलेलं ते एकच पान. तेही पट्टी धरून फाडलं, सरळ.

पुढे कुणी विचारलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, लगेच आणलं. सगळे म्हणाले, लगेच आणलं. विज्ञानाच्या बाईंनी सहीचा विषय कधीच काढला नाही. वाचनालयात मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत. आणि काही महिन्यांनी ते पत्र आलं.

निवृत्तीनंतर हळूसर दर मंगळवारी घराजवळच्या प्राथमिक शाळेत फाटकी पुस्तकं शिवून द्यायला जात. फुकट. कुणाशी बोलावं लागत नसे हा मोठा फायदा. मुख्याध्यापकांच्या खोलीचाच एक भाग लाकडी कपाट आडवं लावून वेगळा केला होता, तिथे एक टेबल, दाभण, दोरा आणि हळूसर. मुख्याध्यापक गप्पिष्ट गृहस्थ, आल्यागेल्याला हसवणारे. कपाटामागे कुणी बसलेलं आहे हे त्यांच्याही बहुतेक ध्यानात नसे.

त्या मंगळवारी कपाटापलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"या, या. चहा घेणार?"

"नको सर. पाचच मिनिटं घेते तुमची." बाईंचा आवाज होता.

"मागच्या वर्षीही आला होतात ना तुम्ही?"

"त्याच्या मागच्याही."

"म्हणजे तुमची हजेरी आमच्या दोन शिक्षकांपेक्षा बरी आहे!"

बाई हसल्या. "मग आता वरच्या वर्गात घाला मला. या वर्षी तरी अर्ज पाठवा वर. प्रत्येक शाळेत एक मशीन, एवढंच मागायचंय. पत्र मी लिहून आणलंय, तुमची फक्त सही."

हळूसरांचा हात थांबला. ते बाईंना कधी भेटले नव्हते. पण शिट्टीसरांनी बायकोची नक्कल करून दाखवलेला हा आवाज, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा, त्यांनी ओळखला.

"एक विचारू? राग मानू नका," मुख्याध्यापक म्हणाले, आणि त्यांचाही सूर उतरला. "तुमच्या यजमानांच्या शाळेत होतं की मशीन."

"होतं."

"लगेच आणलं म्हणे."

"असं म्हणतात."

"लावलंसुद्धा. आणि मशीनच म्हणालं, गरज नाही. खरं ना? मग मी वर काय तोंडाने लिहू? साहेब पहिला प्रश्न हाच टाकणार, त्या शाळेत होतं ना, मग माणूस का गेला? आहे उत्तर?"

फाइल मिटल्याचा आवाज आला.

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळीकडे हेच विचारतात. सोळा शाळा झाल्या. माझ्याकडे याचं उत्तर नाही."

"तेच म्हणतो मी. आणि समजा, आलंच मशीन. ठेवू कुठे? माझ्याच कपाटात, कुलपात. इथे पोरं खडूचा डबा टिकू देत नाहीत."

कपाटामागे हळूसर एकाच भोकातून तिसऱ्यांदा दोरा ओवत होते. उठावं, दोन पावलं टाकावी, म्हणावं, आहे उत्तर. दोनच पावलं होती. त्यांनी मान इतकी खाली घातली की चष्मा नाकावरून घसरून शिवणीवर पडला.

त्या आवाजाने बाईंनी कपाटाच्या कडेवरून डोकावलं. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, हातात फुगलेली फाइल. त्यांनी चष्मा उचलला, उजेडात धरला आणि डाव्या दांडीला गुंडाळलेला दोरा पाहिला.

"अहो काका, हे काय? पुस्तकं शिवता ती ठीक, चष्माही शिवलात?"

हळूसर काहीतरी पुटपुटले.

"मी चष्म्याच्या दुकानातच काम करते. स्क्रू गेलाय नुसता. या कधीही, बसवून देते, दोन मिनिटांचं काम." त्यांनी पर्समधून दुकानाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, चष्मा त्यांच्या नाकावर नीट बसवला, अगदी लहान मुलाला बसवावा तसा, आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "दिसतंय ना आता?"

"हो," हळूसर म्हणाले.

बाई गेल्या. मुख्याध्यापक पलीकडून स्वतःशीच म्हणाले, "बिचारी." मग बऱ्याच वेळाने त्यांना आठवण झाली, "अरे, तुम्ही आहात होय? चहा घेणार?"

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिच्या फोनचा वार नव्हता, सहज केला होता.

"बाबा, आवाज असा का येतोय? जेवलात ना?"

"जेवेन. एक विचारायचं होतं. पोस्टाची पत्रं पोचतात का गं हल्ली?"

"पोचतात की. पण तुम्ही पत्रं लिहिता कुठे, तुम्ही नुसती खोडता. आई म्हणायची, यांनी मला लग्नाआधी एकच पत्र पाठवलं, त्यातही निम्मी शाईच होती."

ते हसले. "तरी आली ती."

"आली खरी. कुणाला लिहिताय?"

"एका मित्राच्या घरी."

"तुमचा मित्र?" तिचं आश्चर्य लपलं नाही. मग तिला वाईट वाटलं असावं. "लिहा ना, बाबा. बिनखोडीचं."

बिनखोडीचं काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी बसले आणि चहा गार झाला तरी 'सप्रेम नमस्कार'च्या पुढे सरकेनात. 'दुर्दैवाने काही विलंब झाला' असं लिहिलं. ते वाचून त्यांना स्वतःचीच किळस आली. 'तत्कालीन व्यवस्थेनुसार' असं लिहिलं. तेही खोडलं. मग वाटलं, इतक्या वर्षांनी हे लिहून काय, त्यांची जखम उकरण्यापलीकडे काय होणार? आपल्या मनावरचं ओझं उतरवायला आपण त्यांच्या डोक्यावर ते ठेवतो आहोत का? हा विचार चांगलाच होता, आणि चार वर्षं त्याने उत्तम साथ दिली होती. पण काल त्यांनी कानांनी ऐकलं होतं, सोळा शाळा झाल्या.

शेवटी त्यांनी मायन्याखाली थेट आकडे लिहिले, जसे वहीत लिहायचे तसे.

'लगेच म्हणजे नऊ मिनिटं. घंटा दहा चाळीसची. मशीन माझ्या टेबलावरून उचललं गेलं दहा एकोणपन्नासला. ते खाली पोचायला आणि मी घातलेलं कव्हर फाडायला लागलेला वेळ वेगळा. मैदानातून वर यायला बाईंना दोन मिनिटं लागली असतील. बाकीची माझी. मी ते कुलपात ठेवलं होतं, शोधत बसलो आणि देताना सही मागितली. पान सोबत जोडलं आहे. सही विज्ञानाच्या बाईंची आहे, त्यांचा काही दोष नाही. त्या आल्या तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, इतक्या त्या धावल्या होत्या.

'मशीन "गरज नाही" म्हणालं, कारण ते उशिरा पोचलं असावं. मी वेळेवर दिलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण मशीन होतं आणि तरी ते गेले, असं कुणी म्हणालं तर हे पान दाखवा. मशीन होतं, ते माझ्या कपाटात होतं. ते भिंतीवर, उघड्यावर ठेवायला सांगितलेलं होतं आणि आम्ही ते ऐकलं नाही.

'हे पत्र कुठल्याही शाळेत, कुणालाही, माझ्या नावानिशी वाचून दाखवा. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण वाचून दाखवता येतं. तुम्हाला चालणार असेल तर मीच येऊन वाचेन.

'काल ज्याचा चष्मा तुम्ही उचलून दिलात तो मी. तेव्हा बोलायला हवं होतं.

'पुस्तक परत करू नका. त्यात तिसऱ्या पानावर खून आहे, त्यांना पहिल्या पानावर हवा होता.'

हे शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर त्यांचा अर्धा तास गेला. मग त्यांनी ते ठेवलं.

शब्दकोशात पत्रासोबतच ठेवलेलं वहीचं ते पान काढलं. एक कड पट्टीने कापल्यासारखी सरळ, शेवटच्या रकान्यात त्यांचंच अक्षर. त्यांनी त्याची घडी घातली नाही. पाकीट मोठं घेतलं, पान सपाट ठेवून त्यामागे पुठ्ठ्याचा तुकडा लावला, म्हणजे वाटेत दुमडायला नको. पत्ता दुकानाच्या कार्डावरून उतरवला. पाकिटाच्या मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, पूर्ण नाव लिहिलं. खळ लावताना जरा हात आखडता घेतला.

टपालाची पेटी गल्लीच्या टोकाला होती, बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीला टांगलेली. टपालवाला अकराला पेटी उघडतो असं तिच्यावर लिहिलेलं होतं. हळूसर पोचले, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि थांबले. 'असावं' हा शब्द तिथे बरोबर होता का? 'चार वर्षं उत्तर दिलं नाही, माफ करा' हे तर लिहायचंच राहिलं होतं. घरी जाऊन ते एक वाक्य घालता आलं असतं. एकच वाक्य. उद्या टाकलं तरी काय बिघडणार होतं?

मागे एक बाई हातात दोन पाकिटं घेऊन उभी होती. "टाकताय ना, आजोबा?" तिने विचारलं. "घाई नाही, विचारलं आपलं."

"टाकतोय," हळूसर म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, आणि त्यांनी बोटं सोडली.

मग बाजूला होऊन त्यांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली. लिहून ठेवायला वही नव्हती.